डाव्या कानामागची गाठ

त्या दुपारी मी फक्त पीठ आणायला बाहेर पडले होते. गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी तेलात पोळ्या तळतात; तळणाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो म्हणतात. आपा, म्हणजे माझी आई, गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून एकही गुरुवार मी चुकवला नव्हता.

आमच्या काराकोल गावच्या बाजारात धुकं उतरलं होतं, त्यात कोळशाच्या धुराचा उग्र वास. आणि कुलीपाच्या पिठाच्या दुकानापुढे आपा पाठमोरी उभी होती.

मी मुळातच भित्री. दाराची कडी वाजली तरी दचकते. पण तेव्हा भीती मागाहून आली. आधी पाय धावले.

"आपा!"

बाई वळली. अनोळखी गोल चेहरा, ओठाला सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. "बघ गं कुलीपा, फुकटात पोर मिळाली मला! लग्नाचा खर्च मात्र तू कर." दोघी खो खो हसल्या.

मी फसले ते तिच्या रुमालामुळे. आपाला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नसे. त्या कानात वारा शिरू नये म्हणून ती डोक्याच्या रुमालाची गाठ डाव्या कानामागे मारायची आणि एक टोक खांद्यावरून पुढे सोडायची. तशी गाठ मी दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती. ती गेली तेव्हा मी बिश्केकला परीक्षेत होते. बर्फाने घाट बंद झाला. पोचले तोवर तिला पुरून झालं होतं. चेहरा बघायचा राहिला तो राहिलाच. माझ्यापाशी शेवटची उरलीय ती तिची पाठ. मला बसमध्ये बसवून घराकडे निघालेली.

मग ती गाठ पसरत गेली. आधी शाळेतल्या शिक्षिका, मग दवाखान्यातली नर्स, मग भाजीवाल्या. झाडांची पानं गळून संपेपर्यंत जीन्स घालणाऱ्या मुलीसुद्धा डाव्या कानामागे गाठ मारून हिंडायला लागल्या. रस्त्यातली प्रत्येक पाठ आपाची. दिवसातून दहादा काळीज उसळायचं आणि दहादा खाली बसायचं.

"फॅशन आहे गं, वेडे!" माझी मैत्रीण गुलसाना म्हणाली. "कुणीतरी फोनवर व्हिडिओ टाकला असेल. गोष्टी कशा पसरतात, कॉलेजात हेच शिकलीस ना तू?"

शिकले होते. सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला, त्याचे दोन केले, दोनाचे चार, आणि बघता बघता फळा पांढरा झाला. "आता यातला पहिला ठिपका शोधा," सर म्हणाले, तेव्हा सगळा वर्ग हसला होता.

मी शोधायला लागले. कुणाची बघून बांधलीस? नर्स म्हणाली, बसथांब्यावर एक बाई होती. शिक्षिका म्हणाल्या, तलावाकाठाने चालली होती कुणीतरी.

"दिसायला कशी होती?"

"चेहरा कुठे बघितला... पाठमोरी होती."

ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं हेच उत्तर. पाठमोरी होती.

झूरामावशीला हे सांगितलं तेव्हा तिचे हात कणकेतच थांबले. आमच्यात पिकल्या वयाचं माणूस गेलं की नव्या कापडाचे तुकडे फाडून वाटतात. त्याचं दीर्घायुष्य घेणाऱ्याला लाभावं म्हणून. आपा तर पंचेचाळिशीचीही नव्हती. तरी मावशीने हट्टाने तुकडे वाटले होते, आणि तेही नव्या कापडाचे नव्हेत. आपाचा निळा रुमालच तिने फाडला होता. म्हाताऱ्या तेव्हाही कुजबुजल्या होत्या म्हणे.

"माझ्या बहिणीचं, तुर्सुनायचं, जगायचं राहिलं होतं गं," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, वाया कशाला जावं... वाटून टाकावं..."

माझ्या वाट्याचा तुकडा मी कोटाच्या अस्तराला टाचून ठेवला होता.

आपाच्या वर्षाचं जेवण झालं त्या दिवशी अंगणात बर्फ होता. संध्याकाळच्या उजेडात बायका उरलेल्या मटणाच्या आणि पोळ्यांच्या पिशव्या घेऊन फाटकाबाहेर पडत होत्या. लाल, हिरवे, फुलाफुलांचे रुमाल, आणि सगळ्यांची गाठ डाव्या कानामागे. तळणाचा वास हवेत तरंगत होता. मला ते सहन होईना. मी फाटकाशी गेले आणि ओरडले, "आपा!"

सगळ्या वळल्या. प्रत्येकीच्या घरी तिला आपा म्हणणारं कुणी ना कुणी होतंच.

एक तेवढी वळली नाही. मी तिच्या डाव्या अंगाला होते. तिच्या हातात पिशवी नव्हती. डोक्यावर निळा रुमाल होता, कुठेही न फाटलेला. ती तशीच तलावाच्या वाटेने चालत राहिली.

मी धावणार तोच मावशीने मनगट धरलं. "नको... हाक नको मारूस पुन्हा... ती थांबली तर?"

थांबावी, म्हणून तर मारली होती.

रात्री कोट काढताना अस्तर चाचपलं. माझे टाके जागच्या जागी होते. त्यांच्या खाली कापड नव्हतं.

आठवडाभरात ती गाठ गावातून गेली. "कंटाळा आला," म्हणत गुलसानाने रुमाल मानेवर बांधायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. बाजारातली एकही पाठ आता ओळखीची राहिली नाही. दचकायलाही काही उरलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

म्हणून काल मीच बांधली. डाव्या कानामागे गाठ, टोक खांद्यावरून पुढे. म्हटलं, एक ठिपका तर एक ठिपका.

पिठाच्या दुकानात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. कुलीपाने पीठ मोजलं, पिशवी उघडली आणि मान वर केली.

"दोघींचं एकातच बांधू ना?"

ती माझ्या डावीकडे बघत होती. तळणाचा मंद वास आला. मी मान वळवली नाही. मी उजवीकडे होते, म्हणजे तिला ऐकू येणाऱ्या बाजूला. नुसतं हळू बोलले असते तरी पुरलं असतं.

मी कुलीपाच्या हातातल्या पिशवीकडेच बघत राहिले.

"अगं, सांग ना," कुलीपा म्हणाली. "त्या केव्हाच्या तुझ्या तोंडाकडे बघतायत."