आभाळातल्या लोखंडाची सुरी

बस गं कुंदा, चहा ठेवते. ह्यांच्या हाताचं विचारलंस ना? सांगते. पण मध्येच ‘असं कसं होईल’ म्हणू नकोस. ते अंधेरीच्या विद्याधरसाहेबांनी मला पोटभर ऐकवलंय.

खंडेनवमीची सकाळ. गोरेगावच्या आमच्या भट्टीपुढे हत्यारं धुऊन पुजली होती, ऐरणीला फुलं वाहिली होती. त्या दिवशी लोहाराने घाव घालायचा नाही, एवढा साधा नियम. तेवढ्यात साहेब मोटारीतून उतरले, हातात नारळाएवढा काळा गोळा.

“गुणाजी, उल्का आहे. आभाळातून पडलेलं लोखंड. उद्या घरी पाहुणे आहेत, सुरी आजच हवी.”

“आज हत्यारं निजलीत, साहेब,” मी म्हटलं.

“तू गप्प बस गं! एकोणीसशे चोपन्न साल उजाडलं, अजून लोखंडाला झोपवताय?”

मी कसली गप्प बसते! पण आमचे हेच पाघळले. असलं लोखंड कुठल्या लोहाराच्या नशिबात असतं, म्हणाले, आणि फुलं आपल्या हातांनी बाजूला सारली. असा संताप आला मला! पण ह्यांच्या भट्टीत घण मारणारी मीच. उचलला.

नुसतं ते लोखंड धार धरेना, म्हणून दोन फाळ्या करून मध्ये पोलाद घातलं, सांधा धरावा म्हणून टाकणखार टाकून तापवलं. लालबुंद झालं, तरी तोंडावर धग नाही. भर दुपारी भट्टीतून बुजलेल्या विहिरीसारखा गार, ओला वास यायला लागला. हे हातोडीने जागा दाखवायचे, मी तिथे घण घालायची. ठण, धाड. ठण, धाड. मग तिसरा घाव ऐकू यायला लागला.

ह्यांनी ऐरणीच्या रिकाम्या कडेवर हातोडी वाजवली. म्हणजे थांब. मी घण खाली ठेवला.

धाड.

“थांब गो, रुक्मिणी...”

“मी खंय मारतंय? घण खाली असा... बघा.”

धाड. पातं आपलं आपण लांबत होतं. ह्यांचा हात सांडशीला चिकटलेला. “सुटत नाय गो... ओढून घेता माका...” मी कमरेला धरून ओढलं, हलले नाहीत. मग एकदम सगळं थांबलं, हात सांडशीवरून गळून पडला. मीच सुरी पाण्यात बुडवली, तर चर्रसुद्धा झालं नाही. तेव्हापासून तो हात लुळा, बर्फासारखा गार.

आणि साहेब? “लकवा असेल,” म्हणाले. सुरी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली! इथे लोहाराचा हात गेला, पोट गेलं, त्याचं काही नाही! मुडदा बशिवला त्या हौसेचा!

सुरी फोडली तर हात सुटेल, असं माझ्या मनाने घेतलं. काल खांद्यावर घण टाकून बंगल्यावर गेले. साहेब कचेरीत. साहेबांच्या पत्नी मृणालिनीबाई आड आल्या नाहीत. कपाट उघडून दूर उभ्या राहिल्या.

“घेऊन जा गं बाई. मला त्या खोलीत बसवत नाही...”

मी सुरी उचलली. कोमट होती गं, माणसाच्या अंगाएवढी. आणि पात्याच्या आत नाडी चालत होती... दोन ठोके, जरा थांबून तिसरा. ह्यांची चालते तशीच.

ती बघ, त्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय. हात लावून बघ... आणि मग तूच सांग, हिच्यावर घण कसा घालू?