गाडी तुमच्याकडे

धाकटीने दार उघडलं ते चुकीच्या गाडीचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारातल्या सगळ्या गाड्या एकजात पांढऱ्या, त्यात पाऊस भुरभुरत होता, आणि तिच्या नेहमीच्या शिक्षिका वाट पाहून कंटाळून दुसऱ्याच कुणाला घेऊन निघून गेल्या होत्या. ती धपकन स्टिअरिंगसमोर बसली, ओली छत्री मागे भिरकावली आणि त्या गडबडीत शेजारी शांतपणे चहा पीत बसलेल्या माणसाचा कप त्याच्याच शर्टावर उपडा केला.

माणूस ओरडला नाही. रुमालाने शर्ट टिपत त्याने तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"झालं? आता खाली उतरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा."

"पावसात?"

तो जरा थबकला. मग म्हणाला, "चालवायची पावसातच आहे ना?"

तिशी आली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. दादा तिला रोज ऑफिसात सोडायचा, आणायचा. शेवटी वहिनीनेच जाहीर केलं की हे लाड आता पुरे, स्वतःची गाडी स्वतः चालवायची. म्हणून हा खटाटोप. कुणी हुकूम सोडला की धाकटीच्या नाकावर राग यायचा, पण हा माणूस डागाळलेल्या शर्टानिशी स्वतःही पावसात उतरला. त्याने टायर दाबून पाहिले, दिवे पाहिले, खाली वाकून काही गळतंय का तेही पाहिलं. टायर काय रात्रीतून पळून जातात का, असं तिने विचारलं. जात नाहीत, पण पाहिल्याशिवाय निघायचं नाही, असं उत्तर आलं. त्याच दिवशी तिने शिक्षक बदलून घेतला. वेळ सोयीची आहे म्हणून, असं तिने वहिनीला सांगितलं. वहिनी नुसतीच हसली.

सरांची दुसरी सवय आणखी मजेशीर होती. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायांशीही ब्रेक आणि क्लच होता. गाडी तिच्या हाती देताना ते म्हणायचे, "गाडी तुमच्याकडे." तिने "गाडी माझ्याकडे" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांचे पाय ब्रेकवरून हलत नसत. दुसरा बघतोय असं दोघांनाही वाटलं की घात होतो, असं त्यांचं म्हणणं.

"लग्नात बायकोकडूनही असंच म्हणवून घेणार का?" तिने एकदा गिअरशी झटापट करता करता विचारलं.

सर खिडकीबाहेर पाहू लागले. कान मात्र लाल झाले होते. "तिथवर गाडी गेलीच नाही कधी..."

त्या दिवशी तिने गाडी पाच वेळा बंद पाडली, आणि एकदाही तिला वाईट वाटलं नाही.

सरावाचा रस्ता विमानतळाच्या कुंपणाला लागून होता. डोक्यावरून विमान गेलं की सायकलवाले, चहावाला, शाळेतून परतणारी पोरं, सगळे वर पाहायचे. धाकटीही पाहायची. सर तेवढे आरशात पाहत राहायचे. रोजचंच झालं असेल, असं तिला वाटलं.

मग तो सिग्नल आला. पाऊस जोरात होता, वायपर थकल्यासारखे फिरत होते, आणि सरांनी पहिल्यांदाच विचारलं की ती काय काम करते. धाकटीला बोलायला निमित्तच हवं होतं. छोट्या गावांना छोटी विमानं नेणाऱ्या एका छोट्या कंपनीत, तिने सांगितलं, नोकरभरतीच्या विभागात. त्यांना हसवावं म्हणून तिने आपला ठेवणीतला विनोदही काढला.

"आमच्याकडे हत्ती येतात, हत्ती. मोठमोठी विमानं उडवलेले. कंपनी बंद पडली की आमच्या दारात. आता सायकलवर हत्ती कसा बसवायचा, सांगा. हे नावही मीच पाडलंय, सगळं ऑफिस तेच म्हणतं."

"मग हत्तींना काय सांगता?"

"फोन करते. तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणते."

"आणि ते?"

"थँक यू म्हणतात. पण लगेच फोन ठेवत नाहीत... थोडा वेळ."

सर हसले, अगदी हळू. सिग्नल हिरवा झाला, गाडीने आचका दिला, मागून हॉर्नचा गिल्ला सुरू झाला. "गाडी माझ्याकडे," सर म्हणाले, आणि त्यांनी ती अलगद कडेला घेतली. बाकी रस्ताभर ते बोलले नाहीत. आपण फार बडबड केली, एवढंच धाकटीला वाटलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात थेट मुलाखती होत्या, आधी नकार मिळालेल्यांनीही यावं अशा. बाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्यांची रांग लागली होती. इस्त्रीचे शर्ट, मांडीवर बॅगा, आणि एकमेकांकडे न पाहण्याची प्रत्येकाची धडपड. मुख्य वैमानिक मुलाखती घेणार होते. त्यांनी काचेतून रांगेवर नजर टाकली आणि धाकटीला म्हणाले, "तो कोपऱ्यातला हत्ती आहे. ओळखतो मी त्याला, मोठ्या विमानावर कॅप्टन होता. उगाच ताटकळत ठेवू नकोस, मोकळं कर."

धाकटीने काचेतून पाहिलं. कोपऱ्यात सर बसले होते. तोच पांढरा शर्ट. चहाचा डाग धुऊन गेला नव्हता. त्यांनी टाय जरा बाजूला सरकवून लावला होता, आणि त्याखाली काय आहे हे त्या अख्ख्या व्हरांड्यात फक्त तिला ठाऊक होतं.

बाहेर जावं, निदान नजरेला नजर द्यावी, असं वाटलं खरं, पण ती गेली नाही. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली, तूच सांग गं, माझं डोकं दुखतंय. आणि स्वतः चहाच्या खोलीत जाऊन किटली लावून उभी राहिली, म्हणजे काही ऐकू येणार नाही. किटली नेमकी त्या क्षणी बंद झाली. बाहेरून ओळखीचा आवाज आला, "थँक यू." नंतर थोडा वेळ काहीच नाही. मग पावलं.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो विनोद ऐकताना ते हसले होते. आपण त्यांच्या तोंडावर त्यांनाच हत्ती म्हटलं, आणि वर त्यांना हसायलाही लावलं. तिने क्लास बुडवला, मग परत बुडवला. वहिनीने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं, रडण्यासकट. वहिनी म्हणाली, तोंड लपवून चूक लपत नाही, जाऊन सांगून टाक.

आधी ती मुख्य वैमानिकांकडे गेली. त्या माणसाला निदान एकदा भेटा, म्हणाली. ते काही वाईट नव्हते. त्यांनी तिला बसवून सांगितलं की मागे असेच अनुभवी लोक घेतले होते. आपल्या विमानाचं सगळं प्रशिक्षण दिलं, आणि मोठ्या कंपन्यांनी शिटी मारताच सगळे गेले. छोट्या गावांची विमानं वैमानिकांवाचून जमिनीवरच उभी राहिली. "हा राहील, याची खात्री तू देतेस?" त्यांनी विचारलं. धाकटी खाली मान घालून बाहेर आली. तिला खात्री देता आली नाही, याचीही लाज वाटली. पण संध्याकाळी मैत्रीण काहीतरी बोलता बोलता हत्ती म्हणाली, तेव्हा धाकटीने तिला तिथेच थांबवलं. तो शब्द आता पुरे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. पाऊस होताच. तिने न सांगता गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिले, आणि आत बसली. सर काही विचारत नव्हते, तेच तिला सहन होईना.

"त्या दिवशी मी ऑफिसातच होते," ती म्हणाली. "चहाच्या खोलीत लपले होते. बाहेर यायला हवं होतं मी. आणि तो हत्तीचा विनोद... मला माहीत नव्हतं, सर. पण माहीत नसताना तरी का करावा?"

"मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही कोण ते. पहिल्या दिवशी 'पावसात?' म्हणालात ना, तेव्हाच आवाज ओळखला. मला नकाराचा फोन तुमचाच आला होता."

धाकटीला गाडीच्या तळाशी भोक पडून आपण त्यातून खाली जावं असं वाटलं. मग मला शिकवलंत तरी कशाला, असं तिने कसंबसं विचारलं.

"आधी राग होता थोडा. म्हटलं, बघू तरी कोण आहे ही. मग तुम्ही चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकलात, आणि रागवायचं राहूनच गेलं." त्यांनी काचेवरची वाफ पुसली. "इतक्या ठिकाणी अर्ज केले. फोन करून नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. तीनदा सॉरी म्हणालात. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही."

"हत्ती ऐकून वाईट वाटलं?"

"वाटलं. घरी जाऊन आरशात पाहिलं. कान तेवढे जुळतात." ती रडता रडता हसली. मग ते हळूच म्हणाले, "लपवलं मीही. पायलट आहे म्हणायची लाज वाटायची, आणि गाडी शिकवतो म्हणायचीही."

वायपर जात-येत होते. धाकटीने डोळे पुसले, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, पण हात गिअरवरून काढला नाही.

"आमच्याकडे सगळ्यांना एक प्रश्न विचारतात," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारलाच नाही."

"तुम्ही विचारा."

"मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तर... सोडून जाल?"

ऑफिसात या प्रश्नावर लोक तो पुरता व्हायच्या आत नाही म्हणत. डोक्यावरून एक विमान गेलं, आणि पहिल्यांदाच सरांनी वर पाहिलं, ते ढगात शिरेपर्यंत.

"जाईन," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? विमान मिळालं तर जाईन."

तिने मान हलवली. उत्तर खरं होतं, आणि तिला तेच नको होतं.

"हे तुमच्या ऑफिससाठी," सर म्हणाले. त्यांचा हात गिअरवरच्या तिच्या हातावर आला, जरा चाचरत. "तुम्ही स्वतःसाठी विचारत असाल तर... जाईन, आणि परत येईन. दर वेळी."

आवारातून बाहेर पडायला थांबलेल्या मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"गाडी तुमच्याकडे," सर म्हणाले.

"गाडी माझ्याकडे."

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. हात मात्र होता तिथेच राहिला.