आडोशामागचा फासा

आधीच सांगून ठेवतो, यातलं अक्षरही तुम्हाला पटणार नाही. कारण ही गोष्ट अजून घडायचीच आहे. तुमच्या नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील तेव्हाची ती, आणि तरी मी ती या डोळ्यांनी पाहिली आहे. हसा, हसा!

तर त्या काळीही आपला हा पात्रांचा खेळ होताच. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी कुणी सरदार, कुणी चोर होऊन तिच्यात शिरायचं, आणि जीवावर बेतलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फक्त सूत्रधार आता यंत्र झालं होतं. ते अडखळत नसे, रुसत नसे, पाणी प्यायला थांबत नसे. घरोघरी लोक सुखाने खेळत आणि तितक्याच सुखाने जांभया देत.

माणूस गोष्ट सांगतो असं टेबल शहरात एकच उरलं होतं, एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत. लाँड्रीवाल्याची भाची दिवसभर वाफेच्या इस्त्रीवर उभी राही आणि संध्याकाळी सूत्रधार होऊन बसे, समोर पुठ्ठ्याचा आडोसा लावून, म्हणजे तिने टाकलेला फासा बाकीच्यांना दिसू नये. खुर्च्या मोजक्या, बाहेर बाकावर गर्दी. म्हणून नियम कडक — पात्र मेलं की खुर्ची सोडायची आणि बाकावरच्या माणसाला द्यायची.

एका दुपारी या बाईसाहेबांनी गिऱ्हाइकाच्या शर्टाबरोबर स्वतःचा चष्माही इस्त्री केला. तशीच धावत ती समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

“हा चष्मा आहे की रुमाल?” चष्मेवाला म्हणाला. “घडी मात्र छान बसलीय.”

“थट्टा पुरे. संध्याकाळी मला राक्षस चालवायचाय.”

“कुणाचा?”

“माझाच. तुमच्यासारख्यांना खातो.”

नवी फ्रेम नाकावर टेकवताना त्याची बोटं तिच्या कानामागे जराशी रेंगाळली... आणि तो आठवडा संपायच्या आत चष्मेवाला बाकावर येऊन बसला. पुढे खुर्चीही मिळाली. तो नावाडी झाला. दुकानात नाकासमोर चालणारा माणूस, पण खेळात दिसेल त्या भोवऱ्यात नाव घालायचा!

पहिल्याच भोवऱ्यात आडोशामागे फासा पडला — एक. म्हणजे मेला. तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, ओठांवर हसू दाबून.

“नाव... फक्त कलली,” ती म्हणाली.

एकदा खोट्याकडे जीभ वळली की वळतच जाते. नावाडी बुडाला, भाला लागला, कड्यावरून कोसळला, पण दर वेळी कसाबसा वाचला.

“अमृत पिऊन आलायस का रे?” मामा ओरडला. तिने वाफेचं निमित्त करून लाल झालेला चेहरा पुसला.

बाकावर एक निवृत्त शिक्षिका कधीपासून थांबल्या होत्या. एकदा भाचीला ओशाळं वाटून ती त्यांना म्हणाली, “बाई, तुमचा नंबर काही लागेना.”

“लागेल गं. यंत्र आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता टेबल संपलं. नाही संपलं, कारण इथे कुणाचा वशिला चालत नाही. त्यासाठी थांबायला मला आवडतं.”

दुसऱ्या दिवशी तिने तीन कॉलर जाळल्या. मामाने विचारलं तर डोळ्यांत पाणी. शेवटी इस्त्री बंद केली आणि रस्ता ओलांडला.

“तुमचा नावाडी मेलाय,” ती दारातूनच म्हणाली. “कधीचाच. मी खोटं सांगत आले.”

त्याने भिंग पुसणं थांबवलं नाही. “माहीत आहे.”

“काय?”

“फासा तुझ्या चष्म्यात दिसतो. उलटा. पण उलटं वाचणं हा माझा धंदाच आहे.”

‘तुझ्या’ म्हणाला. तिच्या लक्षात आलं, पण आता लाजायची सोय नव्हती. “आणि गप्प बसलात?”

“खुर्ची गेली असती ना... तुझ्या समोरची.” त्याची मान वर होईना. “रोज त्या बाईंना नमस्कार करून आत यायचो. स्वतःची किळस यायची. तरी यायचो.”

“यंत्राने पहिल्याच दिवशी मारलं असतं तुला.”

“यंत्राला मी कुठे आवडलो असतो?”

ती हसली आणि लगेच रडली. दोघंही एकमेकांकडे न बघता उभी राहिली, फक्त काउंटरवर त्यांची बोटं एकमेकांत अडकलेली.

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मामाने कपाळाला हात लावला. बाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला, बस्स. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. तिने आडोसा उचलून बाजूला ठेवला आणि फासा बाईंच्या तळहातावर दिला.

“नावाड्याचा जीव आहे हा. तुम्हीच टाका... सगळ्यांना दिसेल असा.”

बाईंनी टाकला. फासा गडगडला, टेबलाच्या कडेपर्यंत गेला, गिरक्या घेत थांबला आणि काय सांगू, टोकावर उभा राहिला! ना जगला, ना मेला! मग मामाने आणखी एक खुर्ची आणली, बाई बसल्या, नावाडीही बसला, आणि सगळे आनंदाने—

“थापा!” पुढ्यात बसलेली एक पोरगी ओरडली. “आजोबा, तो फासा टोकावर उभा राहतच नाही! एक पडला. मेला तो नावाडी. त्याच्या खुर्चीत बाई बसल्या आणि तो बाहेर बाकावर जाऊन बसला, खेळ संपून ती बाहेर येईपर्यंत. हो की नाही?”