दुसऱ्यांदा आवळायचं राहिलं

प्रार्थनासभा संपली होती. बाहेर तापमान उणे अठ्ठावीस, त्यामुळे घरी जाण्याची घाई कुणालाच नव्हती. सभाघराच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या किटलीभोवती तरुण मंडळी बसली होती आणि सायमीचे नवऱ्याशी गाडीच्या सायलेन्सरवरून वाजले होते.

"क्लॅम्प घातला, आवळला, झालं. त्यात काय पोथी वाचायचीय?" नवरा म्हणाला.

"आवाज येतोय अजून. तुझं काम तुझ्यासारखंच, अर्धवट."

सगळे हसले. म्हातारे आउलिस हसले नाहीत. पेला खाली ठेवत ते म्हणाले, "गाड्या दुरुस्त करणाऱ्या आर्वोचं तुम्हांला ठाऊक नाही. त्याने मरताना मला एकट्याला सांगितलं."

आणि त्यांनी सांगितले ते असे.

आठ डिसेंबर, गुरुवार. दुपारचे साडेचार, म्हणजे आपल्याकडे रात्र पडून दोन तास उलटलेले. आर्वो एमेलीची निळी गाडी परत पोचवायला नदीकाठच्या रस्त्याने निघाला. अंतर एकोणतीस किलोमीटर. गाडी तपासणीत पास झाली होती आणि एमेलीला, त्या म्हाताऱ्याला, ती विकायची होती. जवळजवळ वर्षभर ती कोठारात झाकून पडली होती, कारण एमेलीची मुलगी हिल्या तिच्यातच गेली होती.

हिल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी औषधे पोचवायची. जानेवारीत ती वादळात अडकली. बापाने, म्हणजे एमेलीने, फोनवर बजावले, "खाली उतरू नकोस. इंजिन चालू ठेव. बर्फ उपसणारी गाडी येईलच." ती गाडी आली तेव्हा हिल्या झोप लागल्यासारखी बसलेली होती. कागदावर कारण आले की साचलेल्या बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले आणि धूर आत शिरला. गावाने ते मानले. बाप मात्र आपल्या त्या एका वाक्याखाली रोज चिरडला जात होता.

आर्वोला आणखीही काही ठाऊक होते. वादळाच्या तीनच दिवस आधी त्या गाडीच्या सायलेन्सरचे दोन पाइप त्यानेच जोडले होते. एक दुसऱ्यात सरकवून, सांध्यावर लेप देऊन, वरून क्लॅम्पचे लोखंडी कडे आवळले होते. परंतु लेप तापून वाळला की सांधा किंचित सैल पडतो. म्हणून इंजिन दहा मिनिटे चालवून क्लॅम्प दुसऱ्यांदा आवळायचा आणि मग सायलेन्सरच्या तोंडावर ओले फडके दाबून सांध्यातून फुसफुस येते का ते ऐकायचे, हा त्याचा नेम. तीस वर्षे त्याने तो नित्यपूजेसारखा सांभाळला होता. त्या शनिवारी मात्र सभाघरातून पहिले स्तोत्र ऐकू येऊ लागले.

"थांबते की मी दहा मिनिटं," हिल्या म्हणाली होती. "दुसऱ्यांदा आवळायचं असतं ना, काका? की माझ्या गाडीला सवलत?"

"जा गं बाई, तोंड चालवू नकोस. देवाच्या दारी उशीर नको."

आणि देवाच्या दारी तो वेळेवर पोचला होता.

वादळानंतर गाडी ओढून कोठारात नेली तीही त्यानेच. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा उमटला होता, धूर तिथूनच गळाल्याची खूण. कुणी पाहण्याआधी त्याने तो पुसून टाकला.

आता त्याने सांधा नव्याने केला होता. दोनदा आवळला होता, तीनदा फडके दाबून ऐकला होता. तरीही अकराव्या किलोमीटरला ती फुसफुस आली...

फुस्स्...

आर्वो थांबला. विजेरी घेऊन बर्फात पाठीवर सरकला. सांधा घट्ट. काजळीचा ठिपका नाही. त्याने इंजिन बंद केले.

फुसफुस थांबली नाही.

ती खालून नव्हती. गाडीच्या आतून होती.

संथ... मध्येच थांबून... पुन्हा. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तशी.

त्याने दार उघडले. आत कुणी नाही. तो बसला. श्वास मागच्या आसनावर होता... मग शेजारी... मग मानेशी.

"सांगतो," आर्वो म्हणाला. "आज सांगतो त्यांना... देवासमोर सांगतो."

श्वास थांबला.

उरलेले अठरा किलोमीटर काहीच ऐकू आले नाही.

एमेलीने टेबलावर दिवा, कॉफी आणि आपल्या रीतीप्रमाणे तीत घालायला चीजचे तुकडे मांडून ठेवले होते. "देवाचा नमस्कार, आर्वो. ये, बस. कान जागेवर आहेत ना, की थंडीने रस्त्यातच गळाले?"

किल्ली टेबलावर ठेवून आर्वो म्हणाला, "एमेली, मला एक सांगायचंय..."

"आधी माझं ऐक." म्हाताऱ्याने कॉफीचा पेला बाजूला सारला. "इंजिन चालू ठेव, असं मी सांगितलं तिला. मीच मारलं रे माझ्या पोरीला. इतके दिवस कुणापुढे तोंड उघडलं नाही. तू आपल्या श्रद्धेतला भाऊ आहेस. मला क्षमा सांग."

आपली रीत तुम्ही जाणता. अपराधाने वाकलेला माणूस मागतो, आणि समोरच्या श्रद्धावंताने त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षमा उच्चारायची.

आर्वोने तोंड उघडले. एकच वाक्य बोलायचे होते. अपराध तुझा नाही, माझा आहे.

...

त्याचा हात उठला. एमेलीच्या खांद्यावर टेकला.

"येशूच्या नावाने... तुझ्या पापाची क्षमा झाली, एमेली. विश्वास ठेव."

म्हातारा त्याच्या गळ्यात पडून लेकरासारखा रडला. "तुझे उपकार कसे फेडू रे," म्हणत राहिला. पुढे दोन वर्षांनी तो गेला, तोही मुलीला आपणच मारले या समजुतीत.

त्या रात्री आर्वोला परत न्यायला त्याचा शेजारी येणार होता, म्हणून आर्वो अंगणात येऊन उभा राहिला. निळी गाडी तासाभरापासून बंद होती. दारे लावलेली, किल्ली आत एमेलीच्या टेबलावर. सगळ्या काचा हिमाने पांढऱ्या झाल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड असलेल्या काचेवर मात्र चेहऱ्याएवढे एक वर्तुळ स्वच्छ होते. त्याच्या कडेवरून, आतल्या बाजूने, पाण्याचे थेंब खाली ओघळत होते. आजच्यासारख्याच उणे अठ्ठावीसमध्येही ते गोठत नव्हते.