दोनशे बारावी ओळ

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण एक अक्षर पदरचं घातलेलं नाही.

ज्यानं लबाडी केली तो माझा मावसभाऊ. स्वानंद. राहतो बारामतीत, इंदापूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो.

आणि भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं? हे घडलं भर दुपारी. मार्च २०२३, बुधवार, अडीचच्या सुमारास. स्वानंदच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत.

आधी गेणबा भापकरबद्दल सांगतो.

लोणी भापकरचा माणूस. त्याच कॉलेजात सोळा वर्षं तासिका तत्त्वावर राबला. कायम कुणी केलं नाही. वशिला नव्हता, दुसरं काय. शर्टाच्या खिशात नेहमी खडू आणि डोक्यात एकच नाटक.

चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी शोकांतिका. राजाला विष घातलंय. कुणी घातलं, ते एका नोकराला ठाऊक आहे. चौथ्या अंकात त्याला तीनदा विचारतात... कुणी केलं? नोकर बोलतच नाही. पुढं नाटकात त्याचा पत्ताच नाही.

का?

यावर विद्वानांची शंभर वर्षं हाणामारी चाललीय. एक टोळी म्हणते, छापणाऱ्यानं ओळी गाळल्या. दुसरी म्हणते, नाटक दोघांनी मिळून लिहिलं आणि दुसरा नोकराला विसरला.

गेणबा वर्गात म्हणायचा, "दोगंबी चुकल्यात. त्याला समदं म्हाईत हाय, म्हणून तो गप हाय. गप बसणं ही बी ओळच हाय, पोरांनो. मोजायची."

आणि टेबलावर खडू आपटायचा.

टक... टक... टक.

तीन प्रश्न, तीन ओळी. स्टाफरूममध्ये स्वानंद याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

गेणबा तापाचं निमित्त होऊन गेला. दहाव्याला त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, अकरा वह्या स्वानंदच्या हातात दिल्या. "तुमीच ह्यांच्या जवळचं, सर. ह्यांच्या नावानं कायतरी छापून आणा."

त्यानं प्रबंध केला. स्वतःच्या नावानं. वह्या जशाच्या तशा उतरवल्या. मूळ नाटक उघडून ताडून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

परीक्षेला बाहेरून इंदिरा मॅडम आल्या होत्या. पुढ्यात नाटकाचं पुस्तक, बाजूला प्रबंध.

"या प्रवेशात ओळी दोनशे नऊ आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेवटच्या ओळीला दोनशे बारा आकडा दिलाय. वरच्या तीन कुठून आणल्या?"

आकडा गेणबाचा होता. नोकराचं गप्प बसणंही ओळी म्हणून मोजून काढलेला.

"आवृत्ती वेगळी असेल, मॅडम."

"कुठली?"

गेणबाचं नाव घेतलं की पदवी गेली. अब्रूही गेली. तो गप्प राहिला.

वर पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येईना.

मग मागच्या बाकावरून...

टक.

टक.

टक.

वळून बघायची छाती झाली नाही.

मॅडमनी मान वर न करता बोटांवर मोजलं. "हं. दोनशे बारा. बरोबर." आणि पान उलटलं.

चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "छान समजावलंत हो. नोकराच्या गप्प बसण्याच्या ओळी टेबल वाजवून दाखवल्यात."

पण त्या वेळी त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

सगळे गेल्यावर तो मागच्या बाकाशी गेला. लाकडावर तीन पांढरे ठिपके. त्या खोलीत फळा मार्करचा आहे. खडू तिथं कुणी आणतच नाही.

पदवी मिळाली. आठवड्यानं लीलाबाई नारळ घेऊन दारात उभी.

"ह्यांचं नाव कुठं हाय त्यात? मला इंग्रजी येत न्हाय. बोट ठिवून दावा."

स्वानंदनं त्या दोनशे बारावर बोट ठेवलं. "इथं आहे, वहिनी."

बाईनं आकड्याला कपाळ टेकवलं.

हे सगळं त्यानं मला गेल्या महिन्यात सांगितलं. सकाळचे दहा वाजलेले. त्याच्या घरी आम्ही दोघंच. रडत होता.

मी कुणाची भीड ठेवत नाही. म्हणालो, "चोर आहेस तू. त्या बाईला खरं सांगणार का?"

तो गप्प.

टक.

माझ्या या कानांनी ऐकलं. आतल्या खोलीतून... जिथं कुणी नव्हतं.

"स्वानंद, सांगणार का?"

टक.

तिसऱ्यांदा विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

म्हणून मीच इथं लिहितो. ते संशोधन गेणबा भापकर यांचं आहे. राहणार लोणी भापकर, तालुका बारामती. कुणाला काय करायचं ते करा.

पण लीलाबाईपर्यंत हे पोचणार नाही. परवा मोरगावला जाताना, तिला सांगून टाकावं म्हणून, मुद्दाम तिच्या गावावरून गाडी घातली. ती दारातच होती, ज्वारी पाखडत. तिनं हात केला. "कुणीकडं निगाला, भाऊ?"

मी हात हलवला आणि पुढं निघून गेलो.

तिसरी टक अजून यायची आहे.

आता ती कुणासाठी... तेच कळेना झालंय.