उलटी शिवलेली होडी

वखारीत मास्तर शिरला तेव्हा वखारवाला ओंडक्यावर बसून दात कोरत होता. सकाळची वेळ. भुश्शाचा गोडसर वास सुटलेला, आत कुठेतरी करवत कुरकुरत होती. रोजच्यासारखाच दिवस. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, कपडे शिवणारा. शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात. तेवढं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

“फळ्या दाखव. लांब, बिनगाठीच्या.”

“काय मास्तर, कपाट करताय?”

“होडी.”

वखारवाल्याची काडी दातातच राहिली. “होडी? तुम्ही? अहो, जन्मभर काजं-बटणं केलीत. नकाशा तरी आहे का? कुणाला विचारलंत?”

“तुझ्या लग्नातला कोट काय नकाशा बघून शिवला होता? ढेरी तेव्हाही होतीच. झाकली का नाही?”

करवतीवरचे गडी फिसकन हसले. वखारवाला मुकाट्याने उठून फळ्या काढायला लागला. होडी कशाला, हे त्याने विचारलं नाही. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

गेल्या साली मास्तरचा पोरगा पैल काठावरच्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला निघाला. डोहापाशी होडी कलंडली. बाकीचे सगळे बाहेर आले. नावाडी तर सगळ्यांच्या आधी आला. कपड्यांचं गाठोडं सापडलं, पोरगा सापडला नाही. अंधार पडेपर्यंत शोधल्यासारखं केलं आणि मग हात झटकून सगळे घरी जेवायला गेले.

मास्तर एकेका नावाड्याच्या दारात गेला. मला डोहावर न्या, मी शोधतो, म्हणाला. कुणी नेईना. डोहावर आम्ही वल्हं थांबवत नाही, एवढंच म्हणायचे आणि आत बघायचे. का थांबवत नाही? तर दार लावून घ्यायचे. नदीच्या जिवावर जगायचं आणि नदीलाच भ्यायचं! मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच. नाही नेत ना? नका नेऊ. मी माझी करतो.

मागच्या खोलीत त्याने काम मांडलं. होडी कशी करतात याचं एक अक्षरही त्याला ठाऊक नव्हतं. पण कापायच्या वस्तूला माप लागतं, आणि माप माणसाचं असतं, एवढं ठाऊक होतं. पोराचं माप त्याला पाठ होतं. छाती, खांदा, कमर, उंची. खडूने ते फरशीवर मांडलं. वर दोन बोटं ढील धरली, बसता-उठता काचू नये म्हणून. मग फळ्यांवर खुणा केल्या. खोलीच्या दाराचं मापही आधीच घेतलं होतं. कोट शिवून बाही विसरणाऱ्यातला तो नव्हता.

होडी त्याने पालथी घातली आणि वरून बांधत आणली. फळीवर फळी चढवली, जशी शिवणीवर शिवण. फळ्या धरून ठेवायला आडव्या पट्ट्या, बरगड्यांसारख्या, खिळ्यांनी ठोकल्या. फटींत कापूस कोंबून वर डांबर ओतलं. त्या वासाने अख्खी गल्ली खोकायला लागली. शेजारची बाई भांडायला आली ती मास्तरचं तोंड बघून परत गेली.

घरात आता सून तेवढी उरली होती. पुढच्या दुकानात मशीन तीच चालवायची आता. एक दिवस ती खोलीच्या दारात उभी राहिली.

“बाबा, पुरे करा.”

“तू तुझ्या कॉलरी बघ.”

“मला काय राग येत नाही? नवरा होता माझा. पण मी दुकान उघडते. तुम्ही हे घेऊन बसलात. नदीत गेलात आणि काही झालं, मग? मी कुणाकडे बघू?”

“त्याला घरी आणायचाय मला.”

“काय आणणार आहात बाबा आता? काय राहिलं असेल?”

मास्तरने हातोडी उगारली. तिच्यावर नव्हे, फळीवर. पण इतक्या जोरात हाणली की तिने डोळे मिटून घेतले. मग ती हळूच म्हणाली, “एक गेला. दुसरा मी जाऊ देणार नाही. सांगून ठेवते.”

होडी उताणी केली त्या दिवशी नावाडी आला. तोच, सगळ्यांच्या आधी बाहेर आलेला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. मास्तरने त्याला बसही म्हटलं नाही.

“तोंड दाखवायला आलास? काळं झालंय का बघू दे.”

नावाड्याने होडीभोवती एक फेरी मारली. वाकून बाहेरून हात फिरवला आणि हात झटकन मागे घेतला.

“मास्तर… हे काय केलंत? बरगड्या बाहेर?”

“मग?”

“होडीच्या बरगड्या आत असतात. शिवणी, खिळ्यांची टोकं, सगळं आत. बाहेरून गुळगुळीत. तुम्ही आतून गुळगुळीत केलीत.”

मास्तर बघतच राहिला. खरंच की. जन्मभराची सवय. कपडा शिवताना उलटी बाजू शिवणाऱ्याकडे असते. शिवणी, दाब, धागे सगळे आपल्या डोळ्यांसमोर. शेवटी कपडा उलटून घेतला की झालं. होडी पालथी होती, तिची बाहेरची बाजू त्याच्यासमोर होती, आणि हात आपोआप तिकडेच शिवणी घालत गेले. नंतर होडी उताणी केली. पण उताणी करणं म्हणजे उलटून घेणं नव्हे. लाकूड काय बाहीसारखं उलटतं?

नावाडी हसेल म्हणून मास्तर शिव्या तयार ठेवून उभा होता. नावाडी हसला नाही.

“ही पाण्यात घालू नका, मास्तर.”

“का? गळेल?”

“गळणार नाही… हिची आतली बाजू बाहेर आहे. तुम्ही हिच्यात बसलात तर तुम्ही बाहेर. आणि आत…” त्याने नदीच्या दिशेने नुसती मान हलवली. “डोहात किती जण आहेत, ठाऊक आहे तुम्हाला? होडीत जागा दिसावी म्हणून टपून असतात ते. उगीच नाही आम्ही वल्हं थांबवत.”

“चल नीघ. माझा पोरगा बुडताना कुठे गेली होती ही अक्कल? नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!”

नावाडी उंबऱ्यापाशी थांबला. “मी त्याचा हात धरला होता, मास्तर. पलीकडून ओढणारे जास्त होते.” एवढं बोलून गेला.

मास्तरने त्याच्यामागे डांबराचा डबा फेकला.

दुसऱ्या दिवशी होडी नदीवर नेली. आभाळ भरून आलेलं, दुपार असून दिवस मळकट. सून मागून आली. हातात जाड दोर. तिने तो होडीच्या मागच्या कडीला बांधला आणि दुसरं टोक काठावरच्या झाडाला दोन वेढे देऊन मुठीत धरलं.

“कुत्रं आहे का मी, दोरी बांधायला?”

“कुत्र्याला कळतं, बाबा, कुठे जाऊ नये ते.”

मास्तर होडीत बसला. होडी तरंगली. थेंब आत आला नाही. बाहेरच्या बरगड्यांत पाणी चुळबुळत होतं, तेवढंच. वल्हं मारत तो डोहावर आला. तिथे पाणी हलत नव्हतं. शाईसारखं काळं. वारा पडला. आणि एक वास आला, ओल्या कापडावर तापलेली इस्त्री ठेवली की येतो तसा. नदीत कुठली आली इस्त्री?

त्याने वल्ही आत घेतली. गळ्यातली मापाची फीत चाचपली. काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं, आणि धंद्यातलंच तोंडी आलं.

“ये रे पोरा. ट्रायलला ये. बसतंय का बघ.”

बराच वेळ काही नाही. मग खालून, बाहेरच्या बरगडीवर खरवडल्यासारखं झालं. कुणीतरी बोटं अडकवली. होडी डावीकडे दबली, माणूस टेकल्यावर दबते तशी.

“बसला,” मास्तर पुटपुटला. कोट अंगात नीट बसला की शिंपी हेच म्हणतो. त्याच्या डोळ्यांना धार लागली. वर्षभराचा राग पहिल्यांदा जरा सैल झाला.

मग होडी उजवीकडे दबली.

मग पुढे. मग मागे. बरगडीमागून बरगडी, खरवड… खरवड… आणि होडी बसत चालली. आत टिपूस पाणी नाही, पण काठ खाली, खाली, नदी त्याच्या कोपराशी आली.

“कोण आहे? ए, कोण रे?”

“बाबा…” फळीच्या पलीकडून आवाज आला. अगदी त्याच्या गुडघ्यापाशी. “ढील ठेवलीत ना तुम्ही… म्हणून सगळेच बसले…”

“मी एकट्या तुझं माप घेतलं होतं!” मास्तर ओरडला. भीती होती, पण वर रागच आला. “उतरा! उतरा म्हणतो ना! बापाची होडी आहे का तुमच्या? माझ्या पोराची आहे ही! फुकटे कुठले!”

फळीपलीकडे कुजबुज झाली. बाजारात रांगेत होते तशी. मग पुन्हा पोराचा आवाज, समजूत घातल्यासारखा. “आम्ही आत आहोत, बाबा. बाहेर तुम्हीच आहात… एकटे… या ना.”

“सूनबाई! ओढ! ओढ गं!”

दोर ताणला. काठावर ती मागे रेलून ओढत होती, पाय वाळूत रुतवून, तोंडाने काहीतरी बडबडत. बहुतेक त्यालाच शिव्या देत. होडी जडशीळ. इंच इंच सरकत आली. अखेर बुड वाळूला घासलं आणि मास्तरने मागचापुढचा विचार न करता बाहेर उडी टाकली.

उतरला. सुटला, असं त्याला वाटलं.

पायाखालची वाळू गार नव्हती आणि गरमही नव्हती. तो वळला. सून अजून होडीकडेच हात लांब करून उभी होती.

“या, बाबा. सांभाळून. धरा माझा हात.”

“अगं मी इथे आहे! उतरलो मी!”

तिने ऐकलं नाही. तिचा हात धरून होडीतून कुणीतरी उतरलं. अंगात मास्तरचा सदरा. गळ्यात मास्तरची फीत. सुनेने पदराने त्याचं तोंड पुसलं, रडली, चार गोष्टी सुनावल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मास्तरने जन्मात कुणाचं असं ऐकलं नव्हतं.

“तो मी नव्हे! सूनबाई, बघ इकडे! डोळे फुटले का तुझे?”

दोघं चढावरून घराकडे निघाली. मास्तरने मागे धावायला पाऊल उचललं, तर पावलाला जमीनच लागेना. भोवती ओली माणसं बसली होती, चिकटून चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन. पोरगाही होता. त्याने वर बघितलं नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने बाजूच्याला कोपर मारलं.

“सरका जरा. मास्तरांना बसू द्या.”

दुकान चालू आहे. मास्तर पूर्वीपेक्षा चांगलं शिवतो, असं गिऱ्हाईक म्हणतं. चिडत नाही, टोमणे मारत नाही, दिलेली तारीख चुकवत नाही. बाबांचा राग त्या नदीत बुडाला, बरं झालं, असं सून शेजारणीला सांगते. सांगताना मात्र दुकानाकडे पाठ करत नाही.

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की तो फीत काढतो. छाती, खांदा, कमर, उंची. सगळं झालं की जवळ वाकतो आणि हळूच, आपुलकीने विचारतो, “तुम्हाला पोहता येतं का हो?”