बुडालेल्या गलबतातला कंदील

मोबाईल ठेवा आधी खाली. परत परत सांगायचा न्हाय मी, जीव दमतो आता. पिराजी माझ्या वर्गातला, म्हणून सांगतोय. ऐकीव गोष्ट न्हाय ही.

पंचगंगेत कोण बुडालं की पिराजीला बोलावणं यायचं. तीस वर्षं त्येनं मढी वर काढली. त्येची एक रीत होती. पाण्याखाली मढ्याला हात लावायच्या आधी मनात म्हणायचं, "चल बाबा, घरी चल." आन् अंगावरचं काय घ्यायचं न्हाय. अंगठी असू दे, न्हायतर तुटकं पैंजण, सगळं काठावर रडत बसलेल्यांच्या हातात द्यायचं.

गेल्या साली मालवणच्या हौशी पाणबुड्यांच्या एका टोळीनं त्येला समुद्रात बुडालेलं जुनं गलबत बघायला नेलं. "शंभर वर्षं झाली, मालक कोण न्हाय, हाताला लागंल ते घ्या," म्हणले. गाळात पितळी कंदील दिसला. शेजारी हाडं होती. पिराजीनं बघून न बघितल्यासारखं केलं. पण कंदील उचलताना सवय आडवी आली. "चल बाबा, घरी चल." म्हणला, आन् घिऊन आला.

मार्गशीर्षातली अवस, शुक्रवार. रात्री सव्वाअकराला त्यो मोटरसायकलवरनं शिरोलीला निघाला. कंदिलाची कडी तुटलेली. तिथं कारखान्यात पितळेचं काम करणारा फरहान शिफ्ट सुटल्यावर जोडून देतो म्हणला होता. थंडी मरणाची. कंदील पिशवीत, पिशवी हँडलला.

पंचगंगेच्या पुलावर गाडी मागनं दबली.

पिराजीनं वळून बघितलं न्हाय. गरजच नव्हती. बुडालेल्या माणसाचं वजन त्येच्या पाठीला ठाऊक होतं. कमरेवर गार पाणी झिरपलं. दोन हात... मग खांद्यावर हनुवटी.

"कोण?"

...

"कुठं सोडू?"

...

भ्यालो न्हाय म्हणतो त्यो. दमला फक्त. आजवर उचललेलं एकूण एक मढं त्येनं घरला पोचवलं होतं. ह्येचं घर त्येला म्हाईत नव्हतं.

फरहान कारखान्याच्या गेटवरच उभा होता. म्हणला, "मामा, पावण्याला एवढ्या थंडीत भिजवून कशाला आणलासा?"

पिराजीनं मागं बघितलं. शीट वली. वर कोण न्हाय. मग त्येनं सगळं सांगितलं. फरहान कंदिलाला हात लावीना.

"नदीतल्याची अंगठी कधी घेतलीसा, मामा?"

"न्हाय."

"मग ह्येचा कंदील कसा घेतलासा?"

"ह्येच्यासाठी काठावर कोण रडत नव्हतं रं."

"म्हणून?"

पिराजीला लाज वाटली. लई लाज वाटली. गाडी तशीच वळवली, रातोरात गगनबावड्याचा घाट उतरला, पहाटं मालवणात होडीवाल्याला उठवलं. गलबत होतं तिथंच कंदील सोडला आन् हात जोडले. "चुकलं बाबा." येताना गाडी हलकी लागली. घाटात दोनदा थांबून त्येनं मागची शीट चाचपली. कोरडी. तिथंच बसून रडला गडी.

दुपारी घरी पोचला. बायको, झुंबरबाई, गूळ-पाणी घिऊन दारात आली. तांबे दोन.

"दोन कशाला?"

"पावण्याला नको व्हय? मघाधरनं तुमच्या मागं उभं हाय. आत बोलवा की."

कंदील परत दिला, पण "घरी चल" म्हणलेलं परत घ्यायचं ऱ्हायलं, त्ये पिराजीला तवा कळलं.

तिनं दुसरा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आन् ताट वाढायला आत गेली. पिराजीनं डोळं मिटलं... उघडलं.

तांब्या रिकामा. गूळ तसाच.

तळाला पांढरं बसलं होतं. मी बोट लावून चाखलंय. मीठ हाय. झुंबरबाई अजून रोज घासतीया त्यो तांब्या. निघंना.